झोपेचं काम

संगीताला झोप कुठंही लागायची, फक्त अंथरुणावर लागायची नाही. तांड्यावरून ढाणकीला जाणाऱ्या काळीपिवळीत ती दोन बायांच्या मधे अंग चोरून बसली, की फाटा येईपर्यंतसुद्धा तिचे डोळे दम धरत नसत. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढून झाली, की पाठ भिंतीला टेकायचा अवकाश. एकदा तर गिरणीत दळण टाकून ती तिथल्याच पोत्यावर बसली आणि पट्ट्याच्या खडखडाटात गाढ झोपली. दळण झालं म्हणून गिरणीवाला ओरडला, डबा आपटला, गिरणी बंद करून पाहिली. शेवटी त्यानं “संगीताबाई” म्हटलं तेव्हा ती ताडकन उभी राहिली. कुठल्याही आवाजानं तिला जाग यायची नाही, यायची ती फक्त स्वतःच्या नावानं, आणि तिचं नाव घेणाऱ्यांचा घरात तुटवडा नव्हता.

रात्री अंथरूण तिचं असायचं, पण रात्र धनीबाईची असायची. धनीबाई तिची सासू. दम्याचा आजार दिवसा बऱ्यापैकी माणसात असायचा, अंधार पडला की म्हातारीच्या छातीवर चढून बसायचा. मग हाक यायची, संगीता. उठून तिला बसवायचं, पाठ चोळायची, उशाखालचा पंप शोधून द्यायचा, पाणी कोमट करायचं. म्हातारी जरा निवली की संगीता आडवी व्हायची, आणि डोळा मिटतो न मिटतो तोच पुन्हा संगीता. धनीबाई वाईट नव्हती. सुनेला उठवताना तिला लाज वाटायची, पण एकटी असताना धाप लागायची भीती लाजेपेक्षा मोठी होती, आणि ती भीती खोटी म्हणता येत नव्हती.

नवरा अमरसिंग वणीला कोळशाच्या ट्रकवर. महिन्याचे मोजके दिवस घरी यायचा आणि ते सगळे झोपून काढायचा. आपले वाडवडील बैलांवर मीठ लादून मुलूखभर हिंडले, आपण कोळसा लादून हिंडतो, फरक काय तो एवढाच, असं म्हणून तो कूस बदलायचा. त्याच्या झोपेचा संगीताला राग यायचा नाही. हेवा वाटायचा.

अशा बाईनं ढाणकीच्या कॉलेजात नाव घालावं, हे ऐकून तांड्यावर लोक हसले होते. पण त्याला कारण होतं. ती अंगणवाडीत मदतनीस होती, सेविका व्हायचं तर पदवी कामी येईल असं कोणीतरी तिच्या कानावर घातलं होतं, आणि बारावी तिनं लग्नानंतर बाहेरून फॉर्म भरून कधीच काढून ठेवली होती. लेक पायल बीएला प्रवेश घ्यायला निघाली तेव्हा आईही तिच्या मागं रांगेत उभी राहिली. पहिले काही दिवस पायल तिच्याशी वर्गात ओळख दाखवत नव्हती. मग सगळा वर्गच तिला संगीता काकू म्हणायला लागला, आणि पायलनंही हात टेकले. काकू शेवटच्या बाकावर बसायच्या आणि बहुतेक तासांना झोपायच्या.

इंग्रजी शिकवायला मेहनाज मॅडम होत्या. रोज उमरखेडहून बसनं येऊन जाऊन, तासांवर नेमणूक. स्नेहसंमेलनात दरवर्षी तेच नाच आणि तीच गाणी पाहून प्राचार्य कंटाळले होते, यंदा काही वेगळं बसवा म्हणाले. मोठी माणसं असं म्हणतात तेव्हा काम कोणाच्या गळ्यात पडणार हे ठरलेलं असतं. मॅडमनी मोबाईलवर शोधून शोधून एक परदेशी नाटक काढलं. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, राजेरजवाड्यांच्या दरबारात व्हायचं तसलं. त्यात कोणी बोलत नाही, सगळे गातात. त्याला ऑपेरा म्हणतात. म्हणजे आपलं संगीत नाटकच की, असं पोरं म्हणाली, आणि मॅडमनी पुढं समजावून सांगायचा त्रास घेतला नाही.

गोष्ट मात्र पोरांना एकदम पटली, कारण तीत गाय होती. ग्रीकांच्या देवांच्या राजाचा एका पोरीवर जीव जडतो. बायको येते आहे असं दिसताच तो घाबरून त्या पोरीची गाय करून टाकतो. बायको काही खुळी नसते. किती छान गाय आहे, मलाच द्या, म्हणते, आणि तिच्यावर एक राखणदार बसवते, ज्याला शंभर डोळे. काही मिटले तरी बाकीचे उघडे. म्हणजे सासूच, असं मागून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग हसला. मग देवांचा जासूद झोपेच्या देवाकडं जातो, त्याला उठवून आणतो, आणि तो देव असं गाणं म्हणतो की राखणदाराचे एकेक करून सगळे डोळे मिटतात. गाय सुटते.

गाय पायलला मिळाली. राखणदार झालेल्या पोराच्या सदऱ्यावर टिकल्यांची पाकिटंच्या पाकिटं चिकटवून शंभर डोळे करायचे ठरले. झोपेच्या देवाला मूळ नाटकात पुरुषाचा खर्जातला आवाज होता, म्हणून ते काम इंद्रजीतला दिलं. त्याचा आवाज नुकता फुटून खाली बसला होता. मॅडमनी मराठी करून आणलेलं पान तो मोठ्यानं वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला अडला.

“मॅडम, झोप येते. झोप आला असं कोणी म्हणते का?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांच्या घरी उर्दू, आणि नींदही आतीच है. झोप बाईमाणूस निघाली म्हटल्यावर इंद्रजीतनं लुगडं नेसायला साफ नकार दिला आणि जासुदाचं काम मागून घेतलं. मग झोप कोण, असं मॅडमनी विचारलं. त्यावर सगळ्या माना हळूहळू मागं वळल्या. शेवटच्या बाकावर संगीता काकू पिशवीवर गाल ठेवून झोपल्या होत्या. पायलला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मॅडमनी काकूंना उठवलं नाही. तासाची घंटा होईपर्यंत त्यांनी वर्गाला हळू आवाजात शिकवलं.

उठल्यावर संगीतानं ते काम घ्यायला नाही म्हटलं. वेळ नाही, पाठ होत नाही, लोक हसतील. मग मॅडम म्हणाल्या की काम थोडंच आहे, बराच वेळ तर नुसतं झोपायचंय, शेवटी उठून एक गाणं म्हणायचं. कोणाकोणानं म्हणायचं, असं संगीतानं विचारलं. एकटीनं, मॅडम म्हणाल्या. तेव्हा मात्र ती हो म्हणाली, आणि इतक्या पटकन म्हणाली की मॅडमनाच नवल वाटलं.

तांड्यात बाया खूप गातात, पण घोळक्यानं गातात. लग्नात, होळीला, बारशाला, एकीचा आवाज दुसरीत मिसळलेला. त्यात कोणाचा गळा गोड हे गाणारीलाही कळत नाही. बाईनं एकटीनं गायचा प्रसंग आयुष्यात एकच, सासरी निघताना. नवरीनं बैलाच्या पाठीवर उभं राहून, हात वर करून, बापाच्या घराचा निरोप घेणारं गाणं म्हणायचं, त्याला हवेली म्हणतात. संगीतानं म्हटली होती. महिनाभर आजीकडून शिकली होती, कुठं थांबायचं, कुठं स्वर सोडायचा, सगळं. आणि पहिली ओळ तोंडातून निघाली तसा तिच्या बापानं, हिरासिंगनं, गळा काढला. बापामागून काकू, मावश्या, शेजारणी. त्या रडण्यात तिची हवेली कोणालाच ऐकू गेली नाही, तिची तिलाही नाही. रीत म्हणून ते बरोबरच होतं, हवेली ऐकायला नसतेच, रडायला असते. पण तिला आत कुठंतरी रुखरुख राहून गेली होती. आपण एकदा एकटीनं म्हणावं आणि समोर कोणी रडत नसावं. बापानं तर नसावंच.

गाणं मॅडमनी उमरखेडच्या बसमधे बसून लिहिलं होतं आणि चांगलं लिहिलं होतं. उंबऱ्यावरच्या डोळ्या, मीट. चुलीवरच्या डोळ्या, मीट. वाटेवरच्या डोळ्या, आता कोणी यायचं नाही, मीट. असे सगळे डोळे मिटवत जायचं, आणि शेवटी, सगळ्यात मागच्या डोळ्या, तू कुणासाठी जागा, राखायचं होतं ते कधीच गेलं. चाल परदेशीच ठेवली होती, सावकाश उतरत जाणारी, फक्त वाटेवरच्या डोळ्याला एकदम वर चढायची आणि मग खाली यायची. ते चढणं संगीताला जमता जमेना. भाकरी थापताना, भांडी घासताना, अंगणवाडीच्या रस्त्यानं ती तेवढंच घोकत राहायची. ऐकून ऐकून पायललाही ते पाठ झालं. धनीबाई खोकत विचारायची की हे कायचं गाणं, ना लग्नातलं ना सणातलं. पण संगीता चुकली की पुन्हा म्हण, असंही सांगायची.

तालमीत एकच घोळ व्हायचा. संगीता झोपेचं काम करता करता झोपायची. डोक्यावरून ओढणी घेऊन ती बाजेवर पडायची, जासूद येऊन तीनदा हाक मारायचा, ऊठ निद्रे, ऊठ, आणि तिसऱ्या हाकेला तिनं उठून बसायचं. ती काही उठायची नाही. निद्रा हे तिचं नाव थोडंच होतं. मग पायलनं उपाय काढला. गाय बाजेजवळच बांधलेली असायची. तिसऱ्या हाकेला गाईनं मुखवट्यानं हळूच एक ढुशी मारायची. ढुशी बसली की झोप उठायची, आणि मॅडमना तर ते इतकं आवडलं की नाटकाच्या वहीत त्यांनी ते लिहूनच टाकलं.

हिरासिंग मुकुटबनकडच्या तांड्यावर राहायचा, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. गुडघे धरलेले, दोन-तीन बसा बदलायच्या, म्हणून लेकीकडं येणं फार होत नसे. संगीतानं त्याला फोन लावला. काम काय, नाटक कायचं, हे त्याला नीट कळलं नाही, तिलाही नीट सांगता आलं नाही.

“बा, मी एकटी म्हणणार हाय,” ती म्हणाली. “रडाले नाई, ऐकाले या.”

त्यानं तारीख विचारून घेतली. मग येतो म्हणाला.

संमेलन जानेवारीच्या शेवटाला होतं. आदल्या रात्री थंडी वाढली आणि धनीबाईचा दमा असा उसळला की संगीता म्हातारीच्या पाठीला स्वतःची पाठ लावून बसून राहिली. पंप झाला, शेक झाला, वाफ झाली. उजाडल्यावर म्हातारीला आराम पडला, आणि आराम पडल्या पडल्या तिनं जाहीर केलं की मी बी येतो. वर्षभरात ती दवाखान्याशिवाय कुठं गेली नव्हती. तिला नाही म्हणायचं संगीताच्या जिवावर आलं. तिची आंघोळ, तिचं लुगडं, पंप, पाण्याची बाटली, मग पायलची तयारी, मग स्वतःची. पोटात अन्न पडलं की नाही हे तिला आठवत नव्हतं. मंडपात पोचली तेव्हा हिरासिंग आधीच पहिल्या रांगेत बसला होता, डोक्याला लाल पागोटं, हात काठीवर. त्यानं तिला पाहून नुसती मान हलवली. त्याच्या शेजारी तिनं धनीबाईला बसवलं.

नाटकाच्या पोरांनी निद्रेची बाज म्हणजे ढग करून टाकला होता. एकाच्या घरी भाव वाढायची वाट पाहत कापूस पडून होता, तो त्यानं पोतीभर आणून बाजेवर पसरला होता. संगीता त्यावर टेकली आणि खाली गेली. इतकं मऊ तिच्या अंगाखाली कधी आलं नव्हतं. वरून पिवळ्या दिव्याची ऊब. स्पीकरमधून तो सावकाश उतरणारा सूर. तिनं ओढणी तोंडावर घेतली आणि आतून स्वतःला बजावलं की डोळे मिटायचे नाहीत. ओढणीवरचे आरसे मोजत बसायचं तिनं ठरवलं. राजा गायला लागल्याचं तिला ऐकू आलं. राजाची बायको आलेली तिला कळली नाही.

पुढचं सगळं तिला नंतर समजलं, थोडं इकडून थोडं तिकडून.

टिकल्यावाला राखणदार आला तेव्हा लोक पोट धरून हसले. गाय आली तेव्हा पुढच्या दोघी-तिघींनी सवयीनं हात जोडले. मग जासूद झालेला इंद्रजीत बाजेपाशी आला आणि त्यानं पहिली हाक मारली. दुसरी मारली. तिसरी मारली, आणि थांबला. ढग हलेना. त्यानं चौथी हाक मारायला तोंड उघडलं, तोच खालून धनीबाईचा धापेचा आवाज आला.

“निजू द्या रे तिले. देवी निजली हाय, कायले उठवता?”

हे ऐकून लोक हसतील असं इंद्रजीतला वाटलं होतं. पण तुळजापूरची भवानी वर्षातून काही दिवस निद्रेला जाते, तेव्हा तिच्या भक्तांच्या घरी पलंग-गादी वापरत नाहीत, आवाज चढवत नाहीत, हे तिथं बसलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बायांनी तोंडावर बोट ठेवून मागच्यांना गप्प केलं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. संमेलनाच्या मंडपात कधी होत नाही असं शांत झालं. प्राचार्यांनी वाजणारा फोन घाईनं कापला.

आता ढुशीची वेळ होती. पायल बाजेशी वाकली. ओढणी श्वासानं बाजूला सरकली होती आणि आईचं तोंड जरासं उघडं होतं, कपाळावरची आठी गेली होती. आपल्या आईच्या कपाळाला आठी नसते तेव्हा ती कशी दिसते, हे पायल पहिल्यांदाच पाहत होती. तिनं मुखवट्यानं ओढणी हळूच परत तोंडावर सारली. आणि बाजेला टेकून, मुखवट्याच्या आतून, तिनंच गाणं सुरू केलं.

उंबऱ्यावरच्या डोळ्या, मीट. मुखवट्यातून तो आवाज घुमून, जरा दुरून आल्यासारखा यायचा. गाईचं तोंड हलत नव्हतं, निद्रेचं झाकलेलं होतं. सगळ्यांना वाटलं देवी झोपेतच गाते आहे. राखणदार एकेक टिकली काढून खाली टाकत गेला. वाटेवरच्या डोळ्याला पायल चढली आणि सहज उतरली. गाणं संपलं तेव्हा सदऱ्यावर एकही टिकली नव्हती.

टाळ्यांनीही संगीता उठली नाही. मग माईकवरच्या पोरीनं कलाकारांची नावं घ्यायला सुरुवात केली. राजा, राणी, जासूद, गाय. आणि निद्रेच्या भूमिकेत, संगीता अमरसिंग आडे.

संगीता ताडकन उठून बसली. ओढणी बाजूला केली. समोर दिवे, लोक, पहिल्या रांगेत लाल पागोटं. म्हणजे आली वेळ. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि पहिला स्वर लावायला तोंड उघडलं, आणि लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या, आणि पडदा पडला.

पडद्यामागं पोरांनी तिला उचलून घ्यायचंच बाकी ठेवलं होतं. काकू, काय काम केलं तुम्ही. मेहनाज मॅडम तेवढ्या गप्प होत्या, कारण त्या विंगेत होत्या आणि त्यांनी सगळं पाहिलं होतं. संगीताला हळूहळू उमगलं. तिनं पायलला दंडाला धरून बाजूला नेलं.

“काहून नाई उठवलं?”

“याडी, तू झोपली होतीस,” पायल म्हणाली. “मी तुले अशी झोपलेली कधी पाह्यलीच नाई.”

“सारं जग उठवते मले.” संगीताचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “रोज उठवते. आज एकदा उठवाचं होतं ना वो. एकदाच तर उठवाचं होतं.”

संगीताला राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडत नव्हती. सासूनं मायेनं थांबवलं, लेकीनं मायेनं सांभाळून घेतलं, मॅडमनी मायेनंच पडदा ओढला असणार. इतक्या मायेत तिचं एक गाणं गेलं. तिनं ठरवलं, निदान बापाला तरी खरं सांगायचं.

मंडपात खुर्च्या गोळा होत होत्या. धनीबाई बायांच्या घोळक्यात सुनेचं कौतुक झेलत बसली होती आणि तिचा चेहरा कधी नव्हे तो टवटवीत होता. हिरासिंगला शेवटची बस गाठायची होती. संगीता आणि पायल त्याला स्टँडवर सोडायला निघाल्या, धनीबाईला काळीपिवळीत बसवून बरोबर घेतलं. स्टँडवर धनीबाई गाडीतच थांबली आणि तिघं उतरून बसपाशी गेले. संगीता तोंड उघडणार, तेवढ्यात म्हातारा काठीवर भार देऊन थांबला.

“तुया लग्नात मी लय रडलो,” तो म्हणाला. “तू काय म्हटलं, एक हरूफ ऐकू नाई आला. मंग कितीक वर्सं वाटे, पोरीनं एवढं शिकून म्हटलं आन आपन ऐकलं नाई. आज ऐकलं. पुरं ऐकलं. तवा जसा होता ना, तसाच आवाज हाय तुया.”

तसाच असणार होता. पायलचं वय तेव्हाच्या संगीताएवढंच होतं. संगीतानं पायलकडं पाहिलं. पायलनं मान खाली घातली. बापाच्या डोळ्यांत एक थेंब नव्हता, तो नुसता हसत होता, लेकीनं सांगितलं म्हणून जिल्ह्याच्या या टोकाला येऊन न रडता बसलेला म्हातारा. त्याच्याकडून ते परत काढून घ्यायचं संगीताला जमलं नाही.

“ऐकू आलं ना,” ती म्हणाली. “बस मंग.”

हिरासिंग बसच्या पायरीवर चढता चढता ती चाल गुणगुणायला लागला. वाटेवरच्या डोळ्याला तो चढलाच नाही, सपाट गेला. संगीताला राहवलं नाही. तसं नाई बा, असं, म्हणून तिनं ती एक ओळ म्हणून दाखवली. वाटेवरच्या डोळ्या, आता कोणी यायचं नाही, मीट. महिनाभर न जमलेलं चढणं तिथं, बसच्या धुरात, जमलं. म्हाताऱ्यानं लक्ष देऊन ऐकलं.

“हां. पन तिथं जास्ती गोड म्हटलं तू,” तो म्हणाला. “आता गळा थकला. घरी जा आन झोप जराशी.”

बस गेली. संगीता तिच्या मागं पाहत उभी राहिली. तिला हसू येत होतं की काय येत होतं, तिचं तिलाच कळेना. मागं वळून पाहते तो पायल गाईचा मुखवटा छातीशी धरून हमसाहमशी रडत होती.

“रडू नको,” संगीता म्हणाली. “रडलं का ऐकू नाई येत.”

आणि तिनं तिथंच, शेंगा विकणाऱ्याच्या गाडीशेजारी, उंबऱ्यावरच्या डोळ्यापासून सुरू केलं. आवाज भरडा होता, मधे मधे फाटत होता. पायलनं नाक पुसलं आणि ऐकायला लागली. काळीपिवळीतून धनीबाईची हाक आली, संगीता. संगीतानं थांबा म्हणून एक हात वर केला, आणि तो तसाच वर ठेवून पुढची ओळ म्हटली.